न पाहिलेल्या कामावरची सही

अभियांत्रिकीची पदवी घरबसल्या मिळवता येत नाही, हे आपल्याकडे कायद्यानेच ठरले आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी न घेता दूरशिक्षणाने वाटलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०१७च्या निकालात न्यायालयाने असे शिक्षण अमान्य ठरवले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमावलीनेही अभियांत्रिकीला वैद्यक, नर्सिंग, वास्तुकला यांच्या पंक्तीला बसवून ऑनलाइन पदवीचे दार बंद ठेवले. व्यवस्थापनाला मात्र अशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे बांधकाम व्यवस्थापन हा विषय दोन नियमांच्या बरोबर सांध्यावर येतो: नाव व्यवस्थापनाचे, पाया सिमेंट-सळईचा. आयआयटीच्या प्राध्यापकांचे बांधकाम नियोजनावरचे अभ्यासक्रम ‘एनपीटीईएल’वर कोणालाही फुकट ऐकता येतात. १९८३पासून याच विषयाला वाहिलेल्या ‘निकमार’ या संस्थेने दूरशिक्षणाचा विभाग चालवला. प्राइमावेरा हे नियोजनाचे सॉफ्टवेअर, बिलिंग, बीबीएस म्हणजे सळईचे तक्ते असे तुकडे विकणाऱ्या खासगी क्लासांची तर मोजदादच नाही. यातले काही उत्तम आहे, काही टाकाऊ. पण ती प्रतवारी लावण्याचा इथे हेतू नाही. त्याच्या आधी एक प्रश्न उभा आहे आणि तो तत्त्वज्ञानाचा आहे. जे ज्ञान प्रत्यक्ष पाहून आणि करूनच येते असे आपण धरून चालतो, ते नुसत्या शब्दांनी, तेही लांबून, देता येते का? आणि येत असेल, तर देणाऱ्यावर कसली जबाबदारी पडते?

आपल्याकडच्या दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला आहे. चार्वाकाला प्रत्यक्षापलीकडचे काही मान्य नाही. वैशेषिक आणि बौद्ध म्हणतात, शब्दाला वेगळे प्रमाण मानायचे कारण नाही. सांगणारा भरवशाचा आहे यावरून आपण अनुमान काढतो, एवढेच. नैयायिक शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानतात, पण कोणाच्याही शब्दाला नाही, आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात दिलेले लक्षण थोडक्यात असे: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे, तो. यापुढे जाऊन तो सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते. त्या काळाच्या मानाने हे विधान चांगलेच धीट आहे. अधिकार कुळाने किंवा पदाने येत नाही. पाहिल्याने येतो आणि खरे सांगायच्या इच्छेने येतो. बांधकामाच्या जागेवर हे लक्षण लावून पाहिले, तर सेंटरिंगचा मिस्त्री पुष्कळदा आप्त ठरेल आणि महिन्यातून एकदा येऊन कॉफी पिऊन जाणारा सल्लागार ठरणार नाही.

आता बांधकाम व्यवस्थापकाला काय माहीत असते आणि ते त्याला कशाने कळते, ते पाहू. चार इमारतींच्या कामावर एका वेळी एका ठिकाणी स्लॅब पडत असतो, दुसरीकडे वीटकाम चालू असते, तिसरीकडे पाया खणला जात असतो. व्यवस्थापक यातला एक कोपरा पाहतो. बाकीचे त्याच्याकडे कागदावरून येते: रोजचा प्रगती अहवाल, काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणीचे पोअर कार्ड, तयार काँक्रीटच्या (आरएमसी) गाडीचे चलन, क्यूबचे रजिस्टर, मोजमाप पुस्तिका, ठेकेदाराचे आरए बिल आणि अलीकडे व्हॉट्सॲपवरचे फोटो. शिवाय बांधकामाची स्वतःची एक खोड आहे, ते स्वतःला झाकत जाते. बांधलेली सळई दिसते ती काँक्रीट पडेपर्यंत. नंतर तिच्यावर कव्हर किती राहिले, रिंगांमधले अंतर किती होते, कव्हर ब्लॉक बसवले होते की खडीचे तुकडे सरकवून वेळ मारून नेली, हे कोणालाच दिसत नाही. कोणी काय लिहून ठेवले आणि त्याखाली कोणी सही केली, एवढेच उरते. सकाळी प्रत्यक्ष असलेली वस्तू संध्याकाळी शब्द होऊन जाते, आणि पुढे पन्नास वर्षे त्या इमारतीत राहणारी माणसे त्या शब्दावर झोपतात.

बांधकाम व्यवस्थापन हे असे मुळातच शब्दज्ञान आहे, म्हणून ते शब्दांनी शिकवता येते. पण एवढ्याने भागत नाही. ज्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करायची आहे, त्याला सांगणे पारखायला शिकवले नाही तर बाकी शिकवलेले सगळे वाया गेले. ऑनलाइन अभ्यासक्रम सहसा निम्म्या वाटेवर थांबतात. १९५७च्या सुमारास ड्यूपाँ कंपनीच्या कामातून निघालेली क्रिटिकल पाथची पद्धत ते शिकवतात, बार चार्ट, खर्चाचे वक्र आणि निविदांचे प्रकार शिकवतात. आराखड्यात भरलेली माहिती खरी आहे हे त्यात गृहीत असते. संगणकाला ‘सातव्या मजल्याचा स्लॅब पूर्ण’ असे कळवले की तो पुढची तारीख काढून देतो. स्लॅब पडला का, कसा पडला, हे विचारण्याची त्याला गरज नसते. त्याला सांगणारा माणूस कसा असावा, हे शिकवायला हवे.

सांगणारा आणि ठरवणारा यांच्यातल्या अंतराने काय होते, ते क्वेबेकच्या पुलावर दिसले. त्याची हकिगत पाठ्यपुस्तकांत बहुधा गणितातली चूक म्हणून येते. तिला दुसरीही बाजू आहे. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीवरच्या या पुलाचा सल्लागार अभियंता थिओडोर कूपर हा त्या काळचा अमेरिकेतला मानलेला तज्ज्ञ. वय झालेले, प्रकृती साथ देत नव्हती, म्हणून तो न्यूयॉर्कमध्ये बसून काम पाहायचा. वरचा पोलादी सांगाडा चढत असताना तो एकदाही जागेवर गेला नाही. मधला गाळा १६०० फुटांवरून १८०० फुटांवर नेला गेला, पण पुलाचे स्वतःचे वजन त्या मानाने नव्याने काढले गेले नाही. ऑगस्ट १९०७मध्ये जागेवरचा तरुण निरीक्षक नॉर्मन मॅक्ल्यूर याला खालच्या, दाब झेलणाऱ्या एका भागाला बाक आलेला आढळला. आठवड्यापूर्वी तो पाऊण इंच होता, आता सव्वादोन इंच झाला होता. बांधणाऱ्या कंपनीचे म्हणणे, तो बाक आधीपासूनच होता, काम थांबवण्यासारखे काही नाही. मॅक्ल्यूर स्वतः न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला कूपरने त्याचे ऐकून घेतले आणि आणखी भार चढवू नका अशी तार केली. ती तार गेली पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्सव्हिलला, कंपनीच्या कचेरीत. पुलावर काम करणाऱ्यांना त्यातले काही कळले नाही. त्याच संध्याकाळी पूल कोसळला. ७५ कामगार मेले, त्यातले ३३ काहनावाके वस्तीतले मोहॉक.

कोणी म्हणेल, हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. लांबून कारभार हाकल्याचे हे फळ, आणि तुम्ही लांबून शिकवण्याची तरफदारी करता. आक्षेप वरवर सरळ वाटतो. पण मॅक्ल्यूर जागेवरच होता. कंपनीचे अभियंतेही जागेवर होते, आणि त्यांनी तोच बाक पाहून त्याला निरुपद्रवी ठरवले. म्हणजे पाहणारे होते, पाहिलेले मोजलेही गेले होते. ज्याने पाहिले त्याच्या हाती काम थांबवण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्याच्या शब्दाला वजन होते त्याने काही पाहिले नव्हते. मधला निरोपाचा रस्ता इतका लांब आणि इतका सैल होता की बरोबर निर्णयही वेळेवर पोहोचला नाही. वात्स्यायनाच्या भाषेत, आप्त एक आणि अधिकारी दुसराच, अशी ती व्यवस्था होती. मोठ्या कामात अंतर राहणारच. जिल्हाभर रस्ते करणारा कार्यकारी अभियंता प्रत्येक खडीच्या ढिगावर उभा राहू शकत नाही. त्या अंतरातून येणाऱ्या सांगण्याचे काय करायचे, हे त्याने कुठेतरी शिकलेले असावे लागते.

इथे नैयायिक आणि मीमांसक यांच्यातला जुना तंटा कामाला येतो. नैयायिक म्हणतात, ज्ञान खरे आहे हे त्या ज्ञानातून कळत नाही, बाहेरून कळते. दुरून पाणी दिसले. ते खरे की मृगजळ, हे जवळ जाऊन तहान भागली की ठरते. याला परतःप्रामाण्य म्हणतात. मीमांसक उलट म्हणतात: झालेले ज्ञान खरेच धरायचे, त्याच्या विरुद्ध काही समोर येईपर्यंत. हे स्वतःप्रामाण्य. वाचायला पंडिती वाटते, पण दर स्लॅबच्या दिवशी साइट इंजिनिअरला या दोनातले एक निवडावे लागते. नैयायिकांची कसोटी मला अधिक प्रामाणिक वाटते. बांधकामात ती फार उशिरा येते, ही तिची अडचण. कव्हर कमी राहिलेल्या स्लॅबची सळई गंजून खालचे प्लास्टर फुगायला दहा-पंधरा वर्षे सहज जातात. रेरा कायद्यात रचनेतल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षांची. तहान भागली की नाही हे कळेपर्यंत जबाबदारीची मुदत संपलेली, ठेकेदार दुसऱ्या शहरात आणि सही करणारा तिसऱ्या कंपनीत.

म्हणून आपण कसोटी अलीकडे ओढून आणतो: क्यूब भरतो. दीडशे मिलिमीटरचा ठोकळा, २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचा. काँक्रीटच्या आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे शंभर घनमीटर काँक्रीटला पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे पंधरा. या पंधरा ठोकळ्यांचे आकारमान त्या काँक्रीटच्या सुमारे दोन हजाराव्या हिश्श्याएवढे भरते. शिवाय क्यूब म्हणजे स्लॅब नव्हे. क्यूब नीट ठासून भरलेला असतो आणि टाकीतल्या पाण्यात बुडून राहतो. स्लॅब मे महिन्याच्या उन्हात असतो, त्यावर पाणी मारणारा पोऱ्या दुपारी जेवायला गेलेला असतो. तेव्हा क्यूब हाही साक्षीदारच, स्लॅबविषयी बोलणारा पण स्वतः स्लॅब नसलेला. तपासणीला अंत नाही आणि साक्षीवाचून गती नाही, अशा जागी आपण येतो. मीमांसक कुमारिलाने नेमकी हीच जागा ओळखली होती. प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्याचा आधार मागत बसलात तर कुठेच थांबता येणार नाही, म्हणून ज्ञान प्रथम मान्य करावे. मात्र दोन प्रसंगी ते सोडावे: त्याला खोटे पाडणारे दुसरे ज्ञान समोर आले तर, किंवा ते ज्या साधनाने झाले त्यातच दोष आहे असे कळले तर. तीन-चार पायऱ्यांपलीकडे शंका ताणू नये, असेही तो सांगतो. गुणवत्ता तपासणीच्या आराखड्यात ज्याला होल्ड पॉइंट म्हणतात, तो याच विचाराचा व्यवहारी अवतार आहे. सगळीकडे विश्वासाने चाला, पण काही ठरलेल्या जागी, स्वतः पाहिल्यावाचून, एक पाऊलही पुढे टाकू नका.

हे शिकवायचे तर कसे, ते एका उदाहरणाने दाखवतो. विद्यार्थ्याच्या हाती व्याख्यानाऐवजी एका स्लॅबची कागदपत्रे द्यायची. पोअर कार्डावर सळई, सेंटरिंग, विजेचे पाइप, पातळी अशा सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा आहेत, खाली दोन सह्या आणि वेळ साडेनऊ. सोबत आरएमसीच्या पहिल्या गाडीचे चलन: प्लांटवर माल भरला सात चाळीसला. गेटच्या नोंदवहीत तीच गाडी रिकामी होऊन बाहेर पडली नऊ वाजता. म्हणजे तपासणी झाली तेव्हा काँक्रीट आधीच सळईवर पडलेले होते. हे कुमारिलाचे बाधक ज्ञान. एक कागद दुसऱ्याला खोटे पाडतो. मग क्यूबचे रजिस्टर: एम २५ काँक्रीट, २८ दिवसांचे आकडे ३१.४, ३१.६, ३१.५, ३१.७, असे सलग तीन महिने. कच्चा विद्यार्थी म्हणेल, सगळे पास, उत्तम काम. पण काँक्रीट इतके शिस्तीत वागत नाही. मागची आकडेवारी हाती नसेल तर एम २५ साठी ४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर एवढे प्रमाण विचलन धरून चाला, असे आयएस ४५६ स्वतःच सांगते, आणि त्यावरूनच मिश्रणाचे लक्ष्य निघते ३१.६. म्हणजे ते रजिस्टर लिहिणाऱ्याला लक्ष्य ठाऊक होते. यंत्राने क्यूब फोडले की पेनाने, एवढाच प्रश्न उरतो. आकडा नापास झाला म्हणून संशय येणे सोपे आहे. आकडे फार चांगले आहेत म्हणून संशय येणे, हा साधनदोष ओळखण्याचा अभ्यास आहे, आणि तो शिकवल्याशिवाय येत नाही.

हा अभ्यास पडद्यावरून उत्तम होतो, कारण पडद्यावर येते ते सगळे कागदच असतात, जसे ते व्यवस्थापकाच्या टेबलावर येतात. मात्र तो चार पर्यायांतून एक निवडा अशा प्रश्नपत्रिकेत मावत नाही. कोणत्या कागदावर विश्वास ठेवला, कोणत्यावर नाही आणि का, हे विद्यार्थ्याने लिहायचे, शिक्षकाने वाचायचे, त्यावर उलटा प्रश्न विचारायचा. एका शिक्षकाला असे तीस-चाळीस विद्यार्थी झेपतील, चार हजार नाही. ऑनलाइन शिक्षण स्वस्त पडते हा हिशेब इथे मोडतो, आणि संस्थांना तो मोडायचा नसतो. माझ्या मते अभ्यासक्रम बार चार्टपाशी थांबतात त्याचे हेच खरे कारण.

आता दुसरा आक्षेप, जो जास्त खोल आहे. तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यीने दाखवून दिले की माणसाला जेवढे कळते तेवढे सगळे त्याला सांगता येत नाही. व्हायब्रेटरची नीडल कधी वर ओढायची, काँक्रीट ‘पिकले’ की नाही, टेकूखालची जमीन दबते आहे का, हे गवंड्याच्या हाताला आणि डोळ्याला कळते. ते शब्दांत उतरत नाही, मग चित्रफितीत काय उतरणार? याला एकलव्याचे उदाहरण फेकून उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण ते इथे चालत नाही. बाण लागला की चुकला, हे त्याच क्षणी कळते. म्हणून धनुर्विद्या पुतळ्यासमोरही शिकता येते. ज्या विद्येत चूक पंधरा वर्षांनी बोलते, तिथे एकट्याचा सराव चूकच पक्की करतो. आक्षेपाचा गाभा म्हणूनच मला मान्य आहे. ज्याने भरीव काँक्रीट आणि पोकळ्या राहिलेले काँक्रीट शेजारी शेजारी कधी पाहिले नाही, त्याला फोटोतले हनीकोम्बिंग ओळखता येणार नाही. साक्ष पारखायलाही थोडे प्रत्यक्ष पदरी लागते.

पण हे प्रत्यक्ष कोणाजवळ असते, तेही पाहावे लागेल. कॅम्पसवर दोन वर्षे राहून शिकणारा विद्यार्थी साइट पाहतो ती सहलीला गेल्यासारखी, डोक्यावर पांढरे हेल्मेट आणि हातात फोन. ऑनलाइन अभ्यासक्रमाला नाव घालणारे पुष्कळ जण मात्र आधीच नोकरीत असतात: डिप्लोमा करून सुपरवायझर झालेले, आठवड्याचे सहा दिवस धुळीत काढणारे, रात्री साइटच्या कंटेनर ऑफिसात किंवा भाड्याच्या खोलीत मोबाइलवर व्याख्यान ऐकणारे. पडद्यामुळे विद्यार्थी साइटपासून लांब जातो म्हणणाऱ्यांना हा विद्यार्थी दिसलेला नसतो. लांब आहे तो शिक्षक. अशा वर्गात शिक्षकाने विचारावे की उद्या तुमच्या स्लॅबवर सळईखाली काय ठेवले आहे ते मोजून सांगा. राज्याच्या दहा कोपऱ्यांतून दहा उत्तरे येतील, आणि त्यातली काही एकमेकांशी भांडतील. कोणत्याही प्रयोगशाळेत हे साधणार नाही. त्या उत्तरांत मुकादमाचे आणि बारबेंडरचे शब्दही यायला हवेत, ते बिहारी हिंदीत असोत की तेलुगूत. ऋषी आणि म्लेंच्छ यांना एकच लक्षण लावणारा भाष्यकार आपल्याकडे होऊन गेला, तरी आपल्या अभ्यासक्रमांत बोलण्याचा मान अजून एकट्या ऋषींनाच आहे. ज्याच्या पदरी हे प्रत्यक्ष नाही, अशा नवख्या मुलाला मात्र असा अभ्यासक्रम विकू नये. तिथे कायद्याची बंदी योग्य आहे, आणि व्यवस्थापन या नावाखाली ती चुकवणे योग्य नाही.

तिसरे म्हणणे धार्मिक वळणाचे आहे. ज्ञान देता येईल, पण जबाबदारीची जाण ही संस्काराने येते, गुरूच्या सान्निध्यात, चार माणसांसमक्ष घेतलेल्या व्रताने येते. ती इंटरनेटवरून उतरवून घेता येत नाही. कॅनडात १९२५पासून नवे अभियंते एका विधीत बांधिलकीची शपथ घेतात आणि करंगळीत लोखंडी अंगठी घालतात. विधीची संहिता रडयार्ड किपलिंगने लिहून दिली. (अंगठ्या क्वेबेकच्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या ही दंतकथा आहे, पण ती रुजली यावरून लोकांना काय हवे होते ते कळते.) आपल्याकडे भूमिपूजन आहे, स्लॅबच्या सकाळी नारळ फोडणे आहे. या विधींना हसण्याचे कारण नाही. नारळ फोडणारा मिस्त्री निदान क्षणभर थांबतो आणि हे काम आपल्याहून मोठे आहे हे कबूल करतो. थट्टा करावीशी वाटते ती पोअर कार्डाची, कारण दोन्हींत खरा कोरडा विधी आता तेच उरले आहे; आठवड्याची कार्डे शनिवारी एका बैठकीत भरली जातात.

तरीही व्रताने काम भागते असे मला वाटत नाही. वाईट कामावर सही करणार नाही, ही प्रतिज्ञा कोणीही मनापासून घेईल. माणूस घसरतो तो प्रतिज्ञेच्या मोठ्या शब्दांपाशी नाही. संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, गेटवर तीन ट्रान्झिट मिक्सर उभे असतात, माल भरल्यापासून दोन तासांची मर्यादा संपत आलेली असते, ठेकेदार म्हणतो फक्त एका बीमच्या रिंगा राहिल्यात, नंतर बघू. त्या वेळी समोरचा प्रसंग धर्मसंकट म्हणून ओळखूच येत नाही; तो नुसता घाईचा दिसतो. तो ओळखण्याचा सराव आधी झालेला असावा लागतो, आणि असे प्रसंग लिहून, वेळ लावून, विद्यार्थ्याकडून नकाराचे पत्र प्रत्यक्ष लिहून घेऊन तो लांबूनही करता येतो. धैर्य मात्र अशा सरावाने येत नाही, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. पंचवीस हजारांच्या नोकरीवरच्या पोराला ‘सही करू नकोस’ असे शिकवून त्याच्या साहेबाला ‘नकार ऐकून घे’ असे न शिकवणे, हा अन्यायच आहे. मॅक्ल्यूरला दिसत होते. काम थांबवायचा हक्क त्याच्याजवळ नव्हता. त्यामुळे अशा अभ्यासक्रमाचे पहिले विद्यार्थी प्रकल्प संचालक आणि विकासक असायला हवेत. ते फी भरतील, पण गृहपाठ करतील का, ही शंका आहेच.

राहिला शिकवणारा. त्याची स्थिती गमतीची आहे: तोही न पाहिलेल्या कामावर सही करतो. प्रमाणपत्रावर नाव असलेल्या मुलाने उत्तरे स्वतः लिहिली, की मित्राने, की यंत्राने, हे त्याला ठाऊक नसते. ‘एनपीटीईएल’ने यावर काढलेला तोडगा होल्ड पॉइंटच आहे: घरून केलेल्या गृहपाठांना पंचवीस टक्के आणि केंद्रावर, देखरेखीखाली, ओळखपत्र दाखवून दिलेल्या परीक्षेला पंचाहत्तर टक्के. एवढ्या एका जागी तरी कोणीतरी डोळ्यांनी पाहते. अनेक खासगी प्रमाणपत्रांत ही एक जागाही नसते, आणि ती घेऊन आलेला मुलगा दुसऱ्यांच्या सह्या तपासायच्या नोकरीला लागतो.

ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानाचा पेच याहून अवघड आहे. मीमांसक म्हणत, शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्यामुळे. ज्याला बोलणाराच नाही तो वेद म्हणून निर्दोष. आजचे तयार अभ्यासक्रम हळूहळू असेच कर्ताविरहित होत चालले आहेत: स्लाइड एकाची, आवाज दुसऱ्याचा किंवा संगणकाचा, प्रश्न तिसऱ्याने कुठून तरी उचललेले. निर्दोषपणा मात्र त्यांना मिळत नाही, नुसते बेवारसपण मिळते. मानके बदलतात, दुरुस्त्या निघतात, व्याख्यान तसेच चालू राहते, आणि जुना आकडा ऐकून कोणी सेंटरिंग लवकर उतरवले तर विचारायला जाणार कोणाकडे? साइटवर ‘नेहमीच्या पद्धतीप्रमाणे’ असा शेरा मारलेला, तारीख आणि नाव नसलेला कागद आला तर चांगला इंजिनिअर तो परत पाठवतो. व्याख्यानालाही तीच शिस्त हवी: कोण बोलतो आहे, कोणत्या सालचे मानक धरून, आणि आज याचे उत्तरदायित्व कोणाकडे आहे, हे पडद्यावर लिहिलेले असावे. प्रमाणपत्राची भाषाही त्याच मापाची असावी: या विद्यार्थ्याने इतक्या प्रकरणांतल्या विसंगती माझ्याशी बोलून शोधल्या, आपल्या मताची कारणे लेखी दिली, याला कामावर उभे असताना मी पाहिलेले नाही. अशा मजकुराचे प्रमाणपत्र छापायला संस्थेचा जाहिरात विभाग राजी होणार नाही, आणि नोकरी देणारेही सुरुवातीला नाक मुरडतील. पण त्या मुलाला कामावर स्वतः पाहण्याची पाळी त्यांचीच आहे, एवढे तरी त्यांना त्यावरून कळेल.